स्लॅब भरण्याआधीचे दोन दिवस: काँक्रीटमधलं वायरिंगचं पायपिंग

सेंटरिंग, म्हणजे स्लॅबचा तात्पुरता साचा, पूर्ण होतं, त्याच्या प्लायला तेल लागतं, सळया बांधणारे फिटर खालची जाळी बांधून उठतात आणि मग वायरमनची पाळी येते. टॉपचं स्टील, म्हणजे वरच्या सळया, पडायच्या आत त्याला पाइप टाकून, डबे बसवून, सगळं बांधून मोकळं व्हायचं असतं. हातात एक दिवस असतो, फार तर दोन. भिंतीतली झिरी, म्हणजे पाइपासाठी खोदलेली खाच, चुकली तर दुसरी मारता येते. स्लॅबमधला पाइप चुकला तर तो तसाच राहतो, घर उभं आहे तोवर. म्हणून या कामात खरी मेहनत आदल्या आठवड्यात कागदावर करायची असते.

नियम कुठून येतात हे आधी सांगतो, कारण साइटवर 'असंच करतात' हे उत्तर फार ऐकू येतं. वायरिंगसाठी मूळ भारतीय मानक आयएस ७३२, त्याची सुधारित आवृत्ती २०१९ची. इन्सुलेटिंग मटेरियलच्या कडक पाइपांसाठी, म्हणजे आपल्या पीव्हीसी पाइपांसाठी, आयएस ९५३७ भाग ३. वायरसाठी आयएस ६९४. काँक्रीटसाठी आयएस ४५६:२०००. या सगळ्यांवर छत्री म्हणजे राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, तिचा आठवा भाग इमारतीतल्या सेवांचा. मुंबई वगळता महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना लागू असलेली २०२०ची एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीही विजेच्या कामासाठी याच संहितेकडे बोट दाखवते. शिवाय केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे, म्हणजे सीपीडब्ल्यूडीचे, विद्युत कामांचे सर्वसाधारण तपशील आहेत. ते सरकारी कामांसाठी लिहिलेले असले तरी खासगी घरालाही डोळे झाकून लावावेत इतके चांगले आहेत. स्लॅबमधल्या पाइपाबद्दल सगळ्यात स्पष्ट भाषा तिथेच आहे: काँक्रीट पडण्याआधी पाइप सळयांना बांधायच्या तारेने घट्ट बांधा, तयार बेंड आणि एल्बो शक्यतो टाळा, पाइपालाच मोठ्या त्रिज्येचं वळण द्या, आणि डबे नंतर सापडतील अशी खूण करून ठेवा, म्हणजे डबे शोधायला स्लॅब फोडावा लागणार नाही. ही चार वाक्यं पाळली तरी निम्म्या तक्रारी उद्भवत नाहीत.

आता स्लॅबच्या पोटात जागा किती असते ते बघू. कोणी सहसा हा हिशोब मांडत नाही आणि गोंधळ तिथेच होतो.

नेहमीचा घराचा स्लॅब १२५ मिमीचा, म्हणजे पाच इंची. सौम्य हवामानात आयएस ४५६ प्रमाणे कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, २० मिमी. त्यावर ८ मिमीची मुख्य सळई आणि तिच्यावर आडवी ८ मिमीची, झाले १६. म्हणजे खालची जाळी प्लायपासून ३६ मिमीवर संपते आणि पाइप तिथून सुरू होतो. वरून मोजलं तर २० कव्हर आणि बीमजवळ टॉपच्या सळयांचे दोन थर, पुन्हा १६. उरले १२५ वजा ३६ वजा ३६, म्हणजे ५३ मिमी. एक २५ मिमीचा पाइप त्यात आरामात बसतो. एकावर एक दोन गेले की ५० झाले. उरलेल्या ३ मिमीत २० मिमीची खडी जाणार कुठून? तिथे काँक्रीट शिरतच नाही, पोकळी राहते, आणि वरून टॉपची सळई उचलली जाते. फिटर मग ती पायाने दाबतो आणि पाइप चेपतो.

किनाऱ्याजवळ, म्हणजे मुंबई, कोकण, गोवा इथे, एक्स्पोजरचा, म्हणजे हवामानाच्या माऱ्याचा, वर्ग बदलतो. 'मध्यम' वर्गाला कव्हर ३० मिमी लागतं, थेट खाऱ्या वाऱ्याला तोंड देणाऱ्या भागाला 'तीव्र' वर्गाचं ४५. कव्हर ३० धरलं तर त्याच स्लॅबमध्ये बीमजवळ उरतात ३३ मिमी. तिथे दोन पाइप एकमेकांवरून नेणं शक्यच नाही. पुण्यातल्या साइटवर चाललेली पद्धत रत्नागिरीत तशीच उचलली की पाइप कव्हरमध्ये घुसतो किंवा सळई वर येते.

म्हणून पाइप एकमेकांना ओलांडायचेच असतील तर ते खोलीच्या आतल्या बाजूला ओलांडावेत, टॉपचं स्टील जिथे संपतं त्याच्या पलीकडे. नेहमीच्या स्लॅबमध्ये टॉप फक्त बीमजवळ असतं, मधल्या भागात वरची जाळी नसते. तिथे २० मिमीचा पाइप २५च्या वरून गेला तर ३६ अधिक ४५, म्हणजे ८१ मिमीपर्यंत पाइप आणि त्यावर ४४ मिमी काँक्रीट. खोलीच्या मध्यावर स्लॅबचा दाब वरचे पंधरा-पंचवीस मिलिमीटरच घेतात, त्यामुळे ४४ मिमी शाबूत असेल तर स्लॅबचं काही बिघडत नाही. ओलांडताना काटकोनात ओलांडावं, तिरकं नको. तिरके गेलेले दोन पाइप हातभर लांबीपर्यंत एकमेकांना चिकटून राहतात. आणि एका जागी तीन पाइप कधीच नाहीत. कोणताही आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे सळया-काँक्रीटचं डिझाइन करणारा इंजिनिअर, तपासायला आला तर पहिलं बोट तिथेच ठेवतो.

दोन पाइप शेजारून जात असतील तर किती अंतर? अमेरिकेच्या एसीआय काँक्रीट संहितेतला जुना नियम आपल्याकडचे कन्सल्टंटही धरतात आणि तो लक्षात ठेवायला सोपा आहे: पाइपाचा बाहेरचा व्यास स्लॅबच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, आणि मध्यापासून मध्यापर्यंत अंतर व्यासाच्या तिप्पट. २५ मिमीच्या पाइपाला ७५ मिमी, म्हणजे दोन पाइपांमध्ये मोकळी जागा ५०. खडी जाते, काँक्रीट हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची निडलही उतरते. हे अंतर न ठेवता चार पाइप जुडी करून नेले तर काँक्रीटमध्ये फळी टाकल्यासारखं होतं. स्लॅब सुकताना चीर बरोबर त्या रेषेत उमटते, आणि वर्षभराने प्लास्टरवर डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य वितरण पेटीपासून, फॅनपर्यंत सरळ रेघ दिसते.

पाइप सळईला समांतर, अगदी चिकटून नेऊ नये. सळईभोवती काँक्रीटची पकड लागते आणि एका बाजूने पाइप लागला की ती कमी होते. दोन सळयांच्या मधून न्यावा आणि जिथे आडवी सळई येते तिथे बांधावा.

पाइप कोणता घ्यायचा? दुकानात एलएमएस, एमएमएस, एचएमएस अशी तीन वजनं मिळतात: हलका, मध्यम, जड. स्लॅबमध्ये एलएमएस नकोच. त्यावरून घमेलं घेतलेला माणूस गेला की तो चेपतो आणि परत गोल होत नाही. एमएमएस चालतो, पंपाने काँक्रीट येणार असेल तर एचएमएस घ्यावा. पाइपावर आयएस ९५३७ आणि आयएसआयची खूण छापलेली असते, ती वाचून घ्यावी. लांबी ३ मीटर. स्लॅबमध्ये आम्ही सरसकट २५ मिमी धरतो. शेवटच्या एकट्या लाइट पॉइंटला २० चालतो, पण २० आणि २५ मिळून पैसे फारसे वाचत नाहीत आणि नंतर एक वायर वाढवायची वेळ येतेच.

वायर किती जातात याचा सीपीडब्ल्यूडीचा तक्ता असा. २५ मिमीच्या पाइपात १.५ चौ. मिमीच्या वायर सरळ रेषेत १०, वळण असेल तर ८. २.५ चौ. मिमीच्या ८ आणि ६. ४ चौ. मिमीच्या ६ आणि ५. २० मिमीच्या पाइपात १.५च्या ५ आणि ४, २.५च्या ५ आणि ३, ४च्या ३ आणि २. 'सरळ' म्हणजे दोन डब्यांमध्ये सव्वाचार मीटरपेक्षा जास्त अंतर नाही आणि १५ अंशांपेक्षा जास्त वळण नाही. स्लॅबमधून भिंतीत उतरणारा पाइप म्हणजे वळण आलंच, तेव्हा नेहमी दुसरा आकडा धरा. एसीला ४ चौ. मिमीच्या तीन वायर, फेज, न्यूट्रल आणि अर्थ. वळण असलेल्या २० मिमीत त्या जात नाहीत, इथे २५च लागतो. वायर आत गेली तरी पुरेसं नाही. गच्च भरलेल्या पाइपातली वायर गरम राहते आणि ओढताना तिचं इन्सुलेशन सोलतं.

एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत काटकोनी वळणं जास्तीत जास्त चार, हा तपशिलातला नियम. आम्ही दोनवर थांबतो. वळणाची त्रिज्या किमान ७५ मिमी असावी असं लिहिलंय, प्रत्यक्षात १५० ठेवली तर वायर हाताने जाते. पाइपात बेंडिंग स्प्रिंग घालून गुडघ्यावर हळूहळू वाकवायचा. हिवाळ्यात सकाळी पाइप ताठ असतो, तेव्हा वाकवला तर तडकतो, थोडा वेळ उन्हात ठेवावा. जाळावर धरून वाकवलेला पाइप आतून चपटा होतो. बाहेरून वळण सुरेख दिसतं आणि नंतर वायर ओढायला घातलेली स्प्रिंग तिथेच अडते.

आता एका खोलीचा माल मोजून दाखवतो. हॉल ३.६ बाय ४.८ मीटर. मध्ये एक फॅन, कडेने चार लाइट, दाराजवळ मुख्य स्विचबोर्ड, समोर दुसरा छोटा बोर्ड, टीव्हीचा पॉवर पॉइंट आणि एसी. डीबीपासून मुख्य बोर्ड ६ मीटर, एसी साडेपाच, टीव्ही ५. मुख्य बोर्डापासून फॅन ३, छोटा बोर्ड ४, आणि बोर्डापासून चार लाइटची साखळी मिळून साधारण पावणेदहा. बेरीज तेहेतीस-चौतीस मीटर. म्हणजे ११-१२ पाइप, कापाकापीचे दहा टक्के धरून १३. ड्रॉप, म्हणजे स्लॅबमधून खाली उतरणारी टोकं, दहा: डीबीत तीन, मुख्य बोर्डात चार, एसी, टीव्ही आणि छोटा बोर्ड प्रत्येकी एक. प्रत्येक ड्रॉपला एक कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) आणि मधले जोड चार-पाच, म्हणजे पंधरा. वीस आणावेत, कारण रविवारी स्लॅब असेल तर दुकान बंद असतं. फॅन बॉक्स एक, दोन-वे, म्हणजे दोन भोकांचे, डीप बॉक्स तीन, एक-वे एक. टीव्हीची केबल आणि इंटरनेट यांना वेगळा पाइप, तो या हिशोबात नाही. त्यांच्या वायर विजेच्या पाइपात घालायच्या नाहीत.

डीप बॉक्स का, हे अनेकांना माहीत नसतं. लोकांना वाटतं आत वायरला जागा जास्त मिळते म्हणून. तेही आहे, पण मुख्य कारण पाइपाची उंची. डबा प्लायवर बसतो. पाइप मात्र जाळीच्या वरून येतो, म्हणजे त्याचा मध्य प्लायपासून ३६ अधिक साडेबारा, जवळपास ४८ मिमीवर. ६५-७५ मिमी खोल डब्याचं भोक त्याच्या आसपास येतं आणि पाइप सरळ शिरतो. उथळ डबा घेतला तर भोक खाली, पाइपाला डब्याजवळ मान मोडून कव्हरमध्ये उतरावं लागतं. तिथे जोड ताणात राहतो, काँक्रीट पडताना निघतो आणि सिमेंटचं पाणी थेट डब्यात येतं.

डबा बसवायची पद्धत अशी. आधी खोलीच्या कडा प्लायवर दोरीने आखायच्या. भिंत कुठे येणार हे बीमवरून काढायचं, कारण बीम अनेकदा २३० मिमी रुंद असतो आणि भिंत १५० मिमीची, ती बीमच्या कुठल्या कडेला आहे त्यावर खोलीचा मध्य बदलतो. फॅन मध्यात नसण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. मग डब्याची जागा लाल ऑइलपेंटने रंगवायची, डब्याच्या बुडापेक्षा थोडी मोठी. रंग ओला असतानाच डबा ठेवायचा आणि खिळ्याने प्लायला ठोकायचा. सेंटरिंग काढल्यावर तो लाल ठिपका काँक्रीटच्या खालच्या अंगाला छापलेला दिसतो आणि डबा एका ठोक्यात सापडतो. डब्यात थर्मोकोल किंवा ओला कागद गच्च भरायचा आणि कडेने चिकटपट्टी. रिकामा डबा उलटा ठेवून वरून दगड ठेवायची पद्धत दिसते. व्हायब्रेटर लागला की दगड घसरतो आणि डबा सरकतो.

फॅन बॉक्सचा हुक १२ मिमीच्या सळईचा. त्याचे दोन्ही पाय जाळीच्या सळयांवरून आडवे पसरलेले हवेत आणि तारेने बांधलेले हवेत. हुक फक्त डब्याच्या पत्र्यात अडकवून ठेवला तर फॅनचं सगळं वजन आणि हेलकावा त्या पत्र्यावर येतो.

पाइप जोडताना सोल्युशन, म्हणजे पीव्हीसी चिकटवायचा गोंद, दोन्हीकडे लावायचं, पाइपाला आणि कपलरला, आणि पाइप कपलरच्या मधल्या कडेपर्यंत ढकलायचा. मग पंधरा मिनिटं तरी हलवायचा नाही. नुसता दाबून बसवलेला जोड दुपारी उघडतो, याचं कारण ऊन. पीव्हीसी तापलं की लांबतं. ३ मीटरचा पाइप वीस अंश तापला तर साधारण ४ मिमी वाढतो, रात्री तेवढाच आखडतो. सकाळी तपासलेला कोरडा जोड दुसऱ्या दिवशी स्लॅब भरताना सुटलेला असतो तो असा.

बांधण्याबद्दलही एक हिशोब आहे. ओलं काँक्रीट पाण्यासारखंच वागतं, फक्त ते पाण्यापेक्षा जवळपास अडीचपट जड. २५ मिमीचा रिकामा पाइप त्यात बुडाला की एका मीटरला सुमारे १ किलोने वर उचलला जातो. दोन मीटरवर एकच गाठ असेल तर मधला भाग कमानीसारखा वर येतो आणि वॉटरप्रूफिंग करताना पाइप पृष्ठभागावर दिसतो. म्हणून गाठ ६०० मिमीला, वळणाच्या दोन्ही अंगांना आणि डब्यापासून १५० मिमीच्या आत. गाठ घट्ट हवी, पण पक्कडीने पिळून पाइप चेपेल इतकी नको.

ड्रॉपचं टोक आम्ही प्लायच्या खाली काढत नाही. टोकाला कपलर लावायचा, कपलरचं तोंड बीमच्या बुडाच्या प्लायला टेकवायचं, आत थर्मोकोल आणि वर पट्टी. सेंटरिंग निघाल्यावर कपलरचं तोंड बाहेर दिसतं, त्यात भिंतीतला पाइप सरळ बसतो. प्लायला भोक पाडून पाइप खाली लोंबता ठेवला तर सेंटरिंग काढताना तो मुळात मोडतो आणि मोडलेलं टोक काँक्रीटच्या आत राहतं.

बीममधून उतरताना कॉलमपासून लांब राहायचं. भूकंपरोधक तपशिलाच्या आयएस १३९२० प्रमाणे बीमच्या टोकाला, कॉलमच्या तोंडापासून बीमच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत, रिंगा, म्हणजे मुख्य सळयांभोवतीची कडी, एकमेकींच्या जवळ असतात. ४५० मिमीच्या बीमला ते अंतर ९०० मिमी. तो भाग भूकंपात वाकण्यासाठी राखलेला आहे, कोयनेच्या पट्ट्यात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तिथे पाइप घालण्यासाठी फिटरला 'जरा रिंग सरकव' म्हणणं हे या कामातलं सगळ्यात वाईट वाक्य आहे. ड्रॉप त्या भागाच्या बाहेर घ्या, बीमच्या रुंदीच्या मध्यावर, दोन रिंगांच्या मधून, आणि एका जागी दोनपेक्षा जास्त नको. बीमच्या लांबीने आत पाइप नेणं तर पूर्ण बंद.

खरी कोंडी डीबीच्या डोक्यावर होते. दोन बेडरूमच्या घराला दहा-बारा पाइप एकाच भिंतीत उतरायचे असतात आणि तिथेच टॉपचं स्टीलही सगळ्यात दाट. इथे पाइप पंख्यासारखे पसरवून आणावे, ७५ मिमीवर एक धरला तर दहा पाइपांना पाऊण मीटर रुंदी लागते, तेवढी भिंत आधीच राखून ठेवावी. जागा नसेल तर निम्मे पाइप डीबीच्या शेजारच्या भिंतीत उतरवून झिरीतून आणावेत. तेही नाही जमलं तर कन्सल्टंटला विचारून त्या भागात जादा सळया टाकून घ्याव्यात. हे विचारणं स्लॅबच्या आदल्या रात्री फोनवर होत नाही, ड्रॉइंग निघतानाच व्हायला हवं.

बाथरूमच्या सनकन, म्हणजे खाली घेतलेल्या, स्लॅबमधून दुसऱ्या खोलीचे पाइप नेऊ नयेत, जवळचा रस्ता असला तरी. तिथे प्लंबर नंतर ड्रिल करतो आणि गळतीचं पाणी पाइपातून बेडरूमच्या बोर्डात उतरतं. इमारतीचा एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे दोन भागांमध्ये हालचालीसाठी सोडलेली फट, ओलांडायचा असेल तर तिथे कडक पाइप सलग नको, दोन्ही बाजूंना डबे आणि मध्ये लवचीक तुकडा हवा.

अॅल्युमिनियम फॉर्मच्या इमारतींत, ज्याला साइटवर मायवान म्हणतात, भिंती आणि स्लॅब एकाच वेळी भरले जातात. तिथे झिरी मारायची सोयच नसते. स्विचबोर्डचे डबेही भिंतीच्या जाळीला बांधून फॉर्मला टेकवावे लागतात, लेव्हल आणि ओळंबा आधीच बघून. एक डबा ५ मिमी आत गेला तर तो काँक्रीटमागे लपतो, तिरका झाला तर प्लेट कधीच सरळ बसत नाही. डब्याच्या चारही बाजूंना छोट्या सळयांची चौकट करून ती जाळीला बांधावी, नुसत्या तारेवर विश्वास ठेवू नये.

स्लॅब भरण्याच्या सकाळी प्रत्येक पाइपात स्प्रिंग घालून आरपार काढायची. सगळ्या, एकही न सोडता. आदल्या दिवशी तपासलं होतं हे चालत नाही, मधल्या वेळात टॉप बांधणारे फिटर त्यावरून फिरलेले असतात. मग फोटो. प्रत्येक खोलीचा वरून एक, आणि प्रत्येक डब्याजवळ बीमच्या कडेपासून टेप लावून एक, आकडा वाचता येईल असा.

भरताना वायरमन वर हजर हवा. त्याच्या पिशवीत दोन-तीन पाइप, कपलर, सोल्युशन, पट्टी, तार आणि पक्कड. चालायला फळ्या टाकून घ्याव्या. पंपाचा पाइप ज्या जागी पहिल्यांदा काँक्रीट ओततो तिथे ढीग पडतो, तो डब्यावर पडू देऊ नये. निडल पाइपाला टेकवून धरली तर दहा-पंधरा सेकंदांत जोड सुटतो. व्हायब्रेटरवाल्याला डब्यांच्या जागा आधी दाखवून ठेवा, पण डब्याभोवती व्हायब्रेटर मारूच नको असं सांगू नका. मग तिथे हनीकोंब, म्हणजे खडीमध्ये पोकळ्या, होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर आलेल्या टोकांतून आणि ड्रॉपमधून काही शिरलंय का ते बघून कंप्रेसरने हवा मारावी. आत गेलेली स्लरी, म्हणजे सिमेंटचं पाणी, तोवर ओली असली तर निघते, आठवड्याने दगड होते. वरच्या मजल्यासाठी बाहेर ठेवलेल्या टोकांना बूच लावून मगच आळी बांधून पाणी भरावं. नाहीतर क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचं, पाणी पाइपातून खालच्या डब्यात साचतं. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला क्युरिंग किमान ७ दिवस, कोरड्या कडक हवेत १०, फ्लाय अॅश किंवा स्लॅग असेल तर १४ दिवस सुचवलंय. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यापुढे १४. डबे उघडण्याची घाई म्हणून कोणी टेकू हलवू नये.

सेंटरिंग निघालं की त्याच दिवशी डबे उघडून पुन्हा स्प्रिंग घालायची. अडलेला पाइप आत्ताच कळला पाहिजे. स्प्रिंग दोन्ही टोकांनी घालून किती आत गेली ते मोजायचं, फोटोवरून जागा काढायची. बहुतेक वेळा ती जोडाची किंवा चेपलेल्या वळणाची असते. अगदी डब्याजवळ असेल तर थोडं टोचून काम होतं. मधे असेल तर स्लॅबला खालून लांब झिरी मारायची नाही. कव्हर जातं, सळई उघडी पडते, कधी कटरने कापली जाते. तो पाइप सोडून द्यावा आणि वाट भिंतीतून किंवा फॉल्स सीलिंगमधून काढावी. भिंत भारवाहक असेल तर उभ्या झिरीची खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडव्या झिरीची एक षष्ठांशापेक्षा जास्त नको.

वायर ओढायची ती प्लास्टर झाल्यावर आणि पाइप कोरडे झाल्यावर. आधी हवा मारायची, मग एका पाइपाच्या सगळ्या वायर एकत्र ओढायच्या. आधी दोन आणि महिन्याने तिसरी ओढली की ती पहिल्या दोघींना घासत जाते. टाल्कम पावडर चालते, तेल किंवा साबण नको. वायरचा जोड पाइपाच्या आत कधीही नाही, डब्यातच. स्विच आणि उपकरणं लावायच्या आधी ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मोजा. किमान १ मेगओहम हवा. नव्या कोरड्या वायरिंगला आकडा याच्या कितीतरी पट येतो. तो दोन-तीनवर अडकला असेल तर पास म्हणून पुढे जाऊ नका. कुठल्यातरी पाइपात पाणी आहे किंवा वायर सोललेली आहे. एकेक सर्किट सोडवून ते शोधा. परवानाधारक ठेकेदाराने सही करायचा टेस्ट रिपोर्ट या मोजणीवरच उभा असतो.

स्लॅबचे फोटो आणि मापं लिहिलेला नकाशा घरमालकाच्या हातात द्या, छापून. कारण घरात राहायला आल्यावर फॉल्स सीलिंगवाला येतो आणि ५० मिमीचा अँकर बसवायला ड्रिल लावतो. पाइप ३६ मिमीवर आहे. नकाशावर पाइपांच्या रेषा दाखवा, त्यांच्या दोन्ही बाजूंना १०० मिमी सोडून ड्रिल करायला सांगा, आणि जिथे सोडता येत नाही तिथे ड्रिलच्या बिटला ३० मिमीवर चिकटपट्टी गुंडाळून द्या.